ओपनफोम : इमारतीतील हवेचा हिशेब ठेवणारे मोफत, पण कडक साधन

इमारत उभी राहण्याआधीच तिच्या आत हवा कुठून शिरेल, कुठे रेंगाळेल आणि किती तापून बाहेर पडेल, हे पाहण्यासाठी मी गेली सहा वर्षे ओपनफोम हे सॉफ्टवेअर वापरत आहे. माझे काम वायुवीजनाच्या रचनेचे आहे. वास्तुविशारद आराखडा पाठवतात आणि खिडक्या, झरोके, डक्ट (हवा वाहून नेणारे नळ) व डिफ्युझर (हवा खोलीत पसरवून सोडणारी तोंडे) कुठे आणि किती आकाराचे असावेत हे मला ठरवावे लागते. वाचनालये, सभागृहे, कार्यालयांमधील उंच मोकळे चौक आणि एक सर्व्हर कक्ष अशी बरीच कामे या काळात या साधनावर झाली. त्यावरून माझे मत असे बनले आहे की ओपनफोम गणित अतिशय चोख करते, पण प्रश्न मांडण्याची सगळी जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकते. प्रश्न चुकला तर ते तितक्याच चोखपणे चुकीचे उत्तर देते आणि अवाक्षरही काढत नाही. निव्वळ मोफत आहे म्हणून ते उतरवून घेणाऱ्याने एवढे आधीच जाणून असावे.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस या सॉफ्टवेअरची सुरुवात झाली आणि डिसेंबर २००४ मध्ये ते जीपीएल या मुक्त वापराची व बदलाची मुभा देणाऱ्या परवान्याखाली सर्वांसाठी खुले झाले. त्याची पद्धत समजायला अवघड नाही. खोलीतील पोकळी लाखो लहान खणांत विभागायची आणि प्रत्येक खणासाठी वस्तुमान, संवेग आणि उष्णता अशी तीन खाती उघडायची. एका खणाच्या नावे जे पडते ते शेजारच्या खणाकडे जमा होते, त्यामुळे मधल्या मधे काही हरवू शकत नाही. खोलीतील हवेसाठी हा विचार नवा नाही, पीटर व्ही. निल्सन यांनी १९७४ मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील आपल्या प्रबंधात वातानुकूलित खोलीतील प्रवाह संगणकावर सोडवून दाखवला होता. फरक एवढाच की तेव्हा खोलीचा एक उभा छेद सोडवणे हीसुद्धा मोठी मजल होती, आणि आज कार्यालयातील एक बरे यंत्र वीस-तीस लाख खणांचे त्रिमितीय मॉडेल रात्रभरात सोडवून ठेवते.

पहिल्यांदा बसवल्यावर मात्र निराशाच होते. खिडकी उघडत नाही, बटणे नाहीत, घराचे चित्र काढण्याची सोय नाही. लिनक्सवर टर्मिनल उघडायचे आणि तीन फोल्डर तयार करायचे : एकात सुरुवातीची स्थिती व सीमाअटी (म्हणजे भिंती, खिडक्या अशा कडांवर काय धरायचे ते), दुसऱ्यात पदार्थांचे गुणधर्म व खणांची जाळी, तिसऱ्यात सोडवण्याच्या पद्धती व सूचना. सगळ्या साध्या मजकुराच्या फायली. एखादा कंस बंद करायचा राहिला तर काम सुरूच होत नाही, आणि चूक सांगणारा संदेश बऱ्याचदा चुकीच्या ओळीच्या बराच खालचा आकडा दाखवतो. निकाल पाहण्यासाठी पॅराव्ह्यू हे वेगळे सॉफ्टवेअर लागते. विंडोजवाल्यांना लिनक्सचा उपस्तर बसवून हे सर्व चालवता येते, पण टर्मिनलपासून सुटका होत नाही. माझ्या एका सहकाऱ्याने दोन दिवसांत हात टेकले आणि तो पुन्हा कागद-पेन्सिलीकडे वळला. त्याची वायुवीजनाची गणिते आजही माझ्यापेक्षा वेगाने होतात, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

इमारतीच्या ऊर्जेचा हिशेब करणाऱ्या एनर्जीप्लस या सॉफ्टवेअरचा उल्लेख इथे करणे भाग आहे, कारण ही दोन साधने एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ नेमका इथेच होतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ब्लास्ट आणि डीओई-२ या जुन्या कार्यक्रमांचा वारसा एकत्र करून ते २००१ मध्ये प्रसिद्ध केले. ते वर्षाच्या ८७६० तासांचा हिशेब करते : भिंत किती तापली, तिने ती उष्णता किती वेळ धरून ठेवली, काचेतून किती ऊन आले, यंत्रणेला किती ऊर्जा लागली. पण सर्वसाधारण वापरात ते एका खोलीतील सगळी हवा नीट ढवळलेली आहे असे धरून चालते, म्हणजे त्याच्या दृष्टीने पायाशी आणि छताशी तापमान एकच असते. नऊ मीटर उंचीच्या दालनात हे गृहीतक उघडच लंगडे पडते. उलट ओपनफोम खोलीतील प्रत्येक कोपरा दाखवते, पण बहुधा एखाद्याच ठरावीक घटकेपुरता. वर्षभराचा प्रवाह अशा बारकाईने सोडवत बसणे कोणालाच परवडणारे नाही. म्हणून मी आधी एनर्जीप्लसमध्ये वर्ष चालवते, त्यातून सर्वात अवघड तास निवडते, त्या तासाची भिंतींची, काचांची आणि छताच्या आतल्या बाजूची तापमाने उचलते आणि ती ओपनफोममध्ये सीमाअटी म्हणून भरते. ही देवाणघेवाण हाताने करावी लागते आणि कंटाळवाणी असते, पण तिच्यामुळे भिंतीचे तापमान मनाने ठरवण्याचा मोह टळतो.

आता जाळीविषयी. वास्तुविशारदाकडून आलेले त्रिमितीय मॉडेल जसेच्या तसे वापरता येत नाही. त्यात दारांच्या मुठी असतात, खुर्च्यांचे पाय असतात, पुस्तकांच्या कपाटातील फळ्याही असतात. आणि एवढे सगळे असूनही दोन भिंतींच्या कोपऱ्यात तीन मिलिमीटरची फट राहिलेली असते. जाळी विणणाऱ्या स्नॅपीहेक्समेश या अंगभूत कार्यक्रमाला आपण खोलीतील एक बिंदू दाखवतो आणि तो तिथून पोकळी भरत जातो. फट त्या ठिकाणच्या खणापेक्षा मोठी निघाली तर भरणे भिंतीतून बाहेर गळते आणि सकाळी पाहावे तर खोलीऐवजी इमारतीबाहेरच्या मोकळ्या जागेचीही जाळी विणलेली असते. पहिल्या वर्षातला माझा निम्मा वेळ अशा फटी बुजवण्यात गेला असेल. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हा निर्णय कोणतेही सॉफ्टवेअर घेत नाही. माझा नियम असा की जी वस्तू उष्णता देते किंवा हवा अडवते ती ठेवायची आणि बाकीची गाळायची. बसलेला माणूस म्हणजे सुमारे ७० वॉट जाणवणारी उष्णता देणारा एक उभा ठोकळा. त्याला नाक-कान नसले तरी चालते, पण त्याच्या अंगावरून वर चढणारा उबदार झोत मात्र खणांत नीट मावला पाहिजे.

डिफ्युझरच्या बाबतीत हा नियम उलटा होतो आणि तिथे बरेच जण फसतात. जाळीदार पात्यांच्या डिफ्युझरमधून हवा प्रत्यक्षात बाहेरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या जेमतेम निम्म्या मोकळ्या भागातून वेगाने सुटते. मॉडेलमध्ये त्या जागी साधे चौकोनी भोक ठेवले आणि तेवढीच हवा सोडली तर वेग निम्म्यावर येतो, झोताचा जोर ओसरतो, आणि थंड हवा खोलीच्या मध्यापर्यंत पोहोचण्याऐवजी भिंतीलगतच खाली कोसळताना दिसते. प्रत्यक्षात तसे होत नाही. पाती तंतोतंत रेखाटण्याची गरज नसते, पण हवेचे प्रमाण आणि तिचा संवेग ही दोन्ही जुळवावी लागतात. केवळ प्रमाण जुळवून भागत नाही.

खणाचा आकार किती असावा याचेही तयार उत्तर नाही. बाजू निम्मी केली की खणांची संख्या आठपट होते, त्यामुळे हात आखडता घेण्याकडे कल असतो. मी प्रत्येक महत्त्वाचे मॉडेल निदान तीन बारकाव्यांच्या जाळ्यांवर चालवते आणि मेजाच्या उंचीवरचे तापमान व मुख्य झरोक्यातील प्रवाह बदलायचा थांबला की तिथे थांबते. कोणी सीएफडीचा, म्हणजे अशा संगणकीय प्रवाहगणिताचा, अहवाल पाठवला आणि त्यात ही तुलना नसली तर मी रंगीत चित्रे उलटून पाहायच्या आधी तो परत पाठवते.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली सर्वात मोठी चूक एका वाचनालयाच्या मुख्य दालनातली आहे. ती सविस्तर सांगते, कारण या साधनाचा स्वभाव तिच्यात पुरता दिसतो. दालन वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि नऊ मीटर उंच. वरच्या अर्ध्या उंचीवर एका बाजूने गॅलरी. पंखे किंवा वातानुकूलन न वापरता खालच्या खिडक्यांतून हवा घ्यायची आणि छतालगतच्या झरोक्यांतून सोडायची अशी कल्पना होती. खाली आठ चौरस मीटर उघडी जागा, वरही तेवढीच. माणसे, दिवे, संगणक आणि छताच्या काचेतून येणारे ऊन मिळून निवडलेल्या तासाला १४ किलोवॉट उष्णता, बाहेरची हवा २८ अंश सेल्सिअस.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी मी हाताने गणित केले होते. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला सुमारे १.२ किलोजूल लागतात, त्यामुळे बाहेर पडणारी हवा तीन अंशांनी तापलेली असेल तर १४ किलोवॉट वाहून न्यायला सेकंदाला ३.९ घनमीटर हवा हवी. खालच्या आणि वरच्या उघड्या जागांच्या मध्यांत सात मीटर उंचीचे अंतर आणि तीन अंशांचा फरक, यातून मिळणारा दाब ०.८ पास्कलच्या आसपास येतो, आणि तेवढ्या दाबावर त्या उघड्या जागांतून साधारण तेवढीच हवा जाते. म्हणजे कागदावर सगळे जुळत होते. पण इथे जरा थांबून तो आकडा पाहावा : वातावरणाचा दाब १,०१,३२५ पास्कल आणि संपूर्ण दालनाची हवा खेळवणारा दाब एका पास्कलपेक्षाही कमी. सेकंदाला १.२ मीटर वेगाची झुळूक भिंतीवर आदळली तर तीही एवढाच दाब निर्माण करते. वरच्या एखाद्या झरोक्यावर अशी झुळूक आली की तिथून हवा बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते. हाताच्या गणितात हे दिसत नाही, आणि ओपनफोम घ्यायचे ते अशाच गोष्टीसाठी.

ओपनफोमने ते दाखवलेही. वाऱ्याच्या बाजूच्या दोन झरोक्यांतून सेकंदाला ०.४ घनमीटर हवा उलटी आत येत होती. गॅलरीत तापमान अपेक्षेपेक्षा कमी होते, अवशेष, म्हणजे समीकरणे किती अंशाने जुळायची राहिली आहेत ते सांगणारे आकडे, छान खाली उतरले होते, चित्रात निळ्या-हिरव्या रंगांचे सुंदर पट्टे आले होते. वास्तुविशारद खूश झाले. मलाही बरे वाटले, आणि हीच वेळ सावध होण्याची होती.

अहवाल लिहिताना सवयीने मी बाहेर जाणाऱ्या हवेने नेलेली उष्णता बाहेरच्या २८ अंशांच्या संदर्भात मोजली. ती १४ किलोवॉट यायला हवी होती, आली १०.१. जवळपास चार किलोवॉट गायब. गणिताची पद्धत अशी आहे की आत काही हरवू शकत नाही हे ठाऊक असल्यामुळे मी आधी स्वतःच्या बेरजेवर संशय घेतला, मग जाळीवर, मग प्रारणाच्या, म्हणजे पृष्ठभागांतून किरणांवाटे जाणाऱ्या उष्णतेच्या, मॉडेलवर. तिसऱ्या दिवशी सीमाअटींची फाइल ओळीने वाचली तेव्हा उत्तर सापडले. उघड्या जागेसाठी ओपनफोममध्ये एक दुहेरी सीमाअट असते : हवा बाहेर जात असेल तर तिला आडकाठी करू नये, आणि आत येत असेल तर ती अमुक तापमानाची धरावी. ते अमुक तापमान मी एका जुन्या कामातून फाइल उचलताना तसेच राहू दिले होते, आणि तिथे लिहिले होते २९३ केल्विन, म्हणजे जवळजवळ २० अंश सेल्सिअस. बाहेर २८ अंशांचा दिवस आणि माझ्या झरोक्यांतून मात्र कोणत्या तरी थंड प्रदेशातली २० अंशांची हवा आत येत होती. सेकंदाला ०.४ घनमीटर, आठ अंशांचा फरक. गायब झालेले चार किलोवॉट बरोबर तिथे होते.

या प्रकारात सॉफ्टवेअरचा दोष शून्य आहे. त्याने माझ्या आज्ञेप्रमाणे हिशेब चोख जुळवला होता. फक्त तो माझ्या इमारतीचा हिशेब नव्हता. पण एखाद्या व्यावसायिक, खिडक्या-बटणांच्या साधनात बाहेरचे तापमान एकदाच एका ठिकाणी भरावे लागते आणि ते सगळीकडे लागू होते. इथे ते सात फायलींच्या सात ओळींत सात वेळा लिहावे लागते. हा फरक ज्याला किरकोळ वाटतो त्याने अजून मुदतीच्या आदल्या रात्री काम केलेले नाही. त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. बाहेरच्या हवेचे सर्व आकडे एकाच फाइलमध्ये ठेवून बाकीच्या फायलींत ते तिथून ओढून घेते, आणि ओपनफोम ही सोय देते हे आधीच वाचायला हवे होते. दुसरे म्हणजे मॉडेलची हद्द खिडकीच्या चौकटीवर कधीच संपवत नाही. इमारतीभोवतीची मोकळी हवाही मॉडेलमध्ये घेते, म्हणजे उलटी येणारी हवा कुठून आणि किती तापून येते हे मला ठरवावे लागत नाही, ते गणितातून ठरते. खण दुपटीने वाढतात, पण जी गोष्ट आपल्याला माहीत नाही ती ठामपणे लिहून देण्याची वेळ येत नाही.

दुरुस्त मॉडेलमध्ये गॅलरी सव्वा अंशाने जास्त गरम निघाली आणि वाऱ्याच्या बाजूचे दोन झरोके बंद करून दुसऱ्या बाजूला तेवढेच वाढवावे लागले. निकाल पटण्याजोगा आहे का हे पाहण्यासाठी मी लिंडेन, लेन-सर्फ आणि स्मीड यांनी १९९० मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचा आधार घेतला. त्यांनी पारदर्शक टाकीत खारट पाणी सोडून, म्हणजे उष्ण हवेचे चित्र उलटे करून, असे प्रयोग केले होते. वर आणि खाली उघड्या असलेल्या खोलीत उबदार हवेचा थर किती उंचीवर तरंगत राहतो हे उष्णता किती आहे यावर अवलंबून नसते; ते उघड्या जागांचे आकार, खोलीची उंची आणि उष्णतेचे झोत किती आहेत यांवर ठरते. उष्णता वाढली की थर अधिक तापतो, पण खाली उतरत नाही. मी मॉडेलमधील उष्णता दीडपट करून चालवले तेव्हा थराची उंची जवळपास तिथेच राहिली, आणि त्या दिवशी प्रथमच मला मॉडेलवर विसंबावेसे वाटले.

प्रारणाबद्दल थोडक्यात. तापलेले छत हवेला जितके तापवते त्याहून अधिक ते खालच्या जमिनीला आणि माणसांच्या डोक्यांना सरळ तापवते. प्रारण बंद ठेवले तर सगळी उष्णता छतालगतच्या हवेतच अडकून पडते आणि खालचा भाग आहे त्यापेक्षा थंड दिसतो. ओपनफोममध्ये यासाठी दोन-तीन पद्धती आहेत, त्या चालतात, वेळ वाढतो; वाढू द्यावा. संक्षोभाच्या, म्हणजे हवेतील लहानमोठ्या भोवऱ्यांच्या खळबळीच्या, मॉडेलांबाबत मी फार प्रयोग केलेले नाहीत. खोलीच्या आत के-एप्सिलॉन या प्रचलित मॉडेलचा आरएनजी प्रकार वापरते, कारण चेन यांनी १९९५ मध्ये केलेल्या तुलनेत तो इतर प्रकारांपेक्षा किंचित सरस ठरला होता आणि मला त्याने कधी तोंडघशी पाडलेले नाही. एक गोष्ट मात्र नवख्यांना घाबरवते : उष्णतेवर चालणारे प्रवाह बऱ्याचदा स्थिर होतच नाहीत. वर चढणारा झोत डोलत राहतो, अवशेषांची रेषा खाली येऊन वरखाली करत बसते. ती चूक नव्हे, ती हवाच तशी आहे. अशा वेळी काळानुसार बदलणाऱ्या पद्धतीने चालवून सरासरी काढावी.

या संचातील सर्वात दुर्लक्षित पण उपयोगी भाग म्हणजे सुखावस्थेचे गणित. फॅन्गर यांच्या १९७०च्या कामावर आधारलेला आणि आयएसओ ७७३० या मानकात आलेला सरासरी मताचा निर्देशांक (लोकांना सरासरी किती थंड किंवा गरम वाटेल ते सांगणारा आकडा) ओपनफोम प्रत्येक खणासाठी काढून देते, उणे ०.५ ते अधिक ०.५ या पट्ट्यात दहा टक्क्यांपेक्षा कमी लोक असमाधानी राहतील असे ते मानक सांगते. त्यातला एक तपशील मला फार आवडतो : निर्देशांक बरोबर शून्य असला तरी पाच टक्के लोक नाराज धरलेले आहेत. ग्राहकाला हे आधीच सांगून ठेवलेले बरे असते. मात्र हे मानक प्रामुख्याने वातानुकूलित खोल्यांसाठी आहे. खिडक्या उघडून चालणाऱ्या इमारतींत लोक अधिक उष्णता चालवून घेतात, म्हणून वाचनालयाच्या दालनाला मी ते लावले नाही.

इमारतीबाहेरच्या वाऱ्यासाठी हे साधन आतल्या हवेपेक्षाही वापरायला सोपे वाटले. उष्णता बाजूला ठेवता येते, वाऱ्याचा वेग उंचीनुसार वाढवणारी सीमाअट तयार मिळते, आणि हद्द किती लांब असावी याचे सर्वमान्य दंडकही उपलब्ध आहेत : युरोपातील कॉस्ट ७३२ या प्रकल्पाच्या सूचनांनुसार सर्वात उंच इमारतीच्या उंचीच्या पाचपट जागा समोर, बाजूंना आणि वर, आणि पंधरापट मागे. हे काम शोभेचे नाही. इंग्लंडमधील लीड्स शहरातल्या ब्रिजवॉटर प्लेस या उंच इमारतीच्या पायथ्याशी मार्च २०११ मध्ये जोरदार वाऱ्याने मालमोटार उलटली आणि एका पादचाऱ्याचा जीव गेला. पुढे तिथे रस्त्यावर वारा अडवणारे मोठे पडदे उभारावे लागले. साध्या के-एप्सिलॉन मॉडेलमध्ये वाऱ्याकडील कोपऱ्यांवर संक्षोभ वाजवीपेक्षा जास्त येतो, हे तिथे लक्षात ठेवावे.

माझी खरी तक्रार आवृत्त्यांबद्दल आहे. ओपनफोमच्या दोन मुख्य शाखा आहेत. एकीचे क्रमांक १०, ११, १२ असे चालतात आणि दुसरीचे २३०६, २३१२ असे वर्ष-महिन्यानुसार. फायलींची नावे, सीमाअटींची नावे, कधी कधी आज्ञाही दोघींत वेगळ्या. त्यात २०२३ मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीने पहिल्या शाखेतील स्वतंत्र सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारे कार्यक्रम) काढून त्यांची रचनाच बदलली. विचार म्हणून बदल चांगला आहे, पण त्यामुळे आधीच्या कित्येक वर्षांतील शिकवण्या आणि प्रश्नोत्तरे नव्या माणसाला तशीच्या तशी वापरता येत नाहीत. शिकायला बसलेल्याने आधी एक शाखा आणि एक आवृत्ती निवडावी आणि निदान वर्षभर तिला चिकटून राहावे. मी एक जुनी आवृत्ती अजून यंत्रावर जपून ठेवली आहे.

टर्मिनलची धास्ती वाटणाऱ्यांसाठी मधले रस्ते आहेत. फ्रीकॅड या मोफत आरेखन सॉफ्टवेअरमध्ये सीएफडीओएफ हा कार्यकक्ष बसवता येतो, ग्रासहॉपर हे वास्तुविशारदांचे आरेखन साधन वापरणाऱ्यांना बटरफ्लाय ही जोडणी मिळते. दोन्हींच्या पोटात ओपनफोमच चालते. एनर्जीप्लसवर उभारलेल्या डिझाइनबिल्डरमध्ये सीएफडीचा स्वतंत्र विभाग आहे आणि प्राथमिक टप्प्यावर, जेव्हा खिडकी उत्तरेला असावी की पूर्वेला एवढाच प्रश्न असतो, तेव्हा तेवढे पुरते. ज्या कार्यालयात वर्षातून एखाद-दुसरेच असे काम येते त्यांनी ओपनफोम शिकण्यात महिने घालवू नयेत, जाणकाराकडून करून घ्यावे. पण त्याच्याकडे रंगीत चित्रांबरोबर उष्णतेचा जमाखर्च आणि जाळ्यांची तुलना लेखी मागावी. जिथे महिन्याला एक काम येते आणि निदान एक माणूस आधी हाताने गणित करून मगच संगणकाला हात लावणारा आहे, तिथे मात्र याच्याइतके मोकळे आणि तपासता येणारे दुसरे साधन माझ्या वापरात आलेले नाही.

ते वाचनालय सुरू झाल्यानंतर आम्ही तिथे तापमान नोंदवणारी आठ छोटी यंत्रे महिनाभर ठेवली. मेजाच्या उंचीवर मॉडेल आणि नोंदी यांत अर्ध्या अंशाच्या आतच फरक होता. गॅलरीत मात्र नोंदी सतत जास्त येत होत्या. जाऊन पाहिले तर पारवे आत शिरतात म्हणून कर्मचाऱ्यांनी वरच्या सर्व झरोक्यांना बारीक जाळी बसवून घेतली होती, आणि तिच्यामुळे मोकळी जागा साधारण पाचव्या हिश्शाने घटली होती. हाताच्या गणिताने त्यामुळे सरासरी पाव अंशाची वाढ व्हायला हवी होती. मी जुन्या कामाचे फोल्डर काढले, जपून ठेवलेली आवृत्ती सुरू केली, झरोक्यांच्या जागी सच्छिद्र पडद्याची सीमाअट घातली आणि रात्री काम सोडून घरी गेले. सकाळी उत्तर तयार होते : मेजांवर जेमतेम दशांशाचा फरक, गॅलरीत जवळजवळ अर्धा अंश. आता तिथे अधिक रुंद छिद्रांची जाळी बसवली आहे, आणि पारवे अजून आत आलेले नाहीत.